सांतियागो दे कॉम्पोस्तेला: चालत शिरावं असं शहर

सकाळी अकराच्या सुमाराला सांतियागोच्या ऑब्रादोइरो चौकात उभं राहिलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही जण बसमधून उतरून गाइडच्या छत्रीमागे चालतात, कॅथीड्रलसमोर फोटो काढतात आणि तासाभरात जेवायला पांगतात. बाकीचे, म्हणजे 'कामिनो' या यात्रेच्या वाटेने पायी आलेले, मात्र सॅक उशाला घेऊन फरशीवर चक्क उताणे पडलेले असतात. कोणी रडतंय, कोणी बूट काढून पायाचे फोड बघतंय. समोरची इमारत दोघांनाही एकच दिसते, पण शहर मात्र चालत आलेल्यांनाच भेटलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातलं हे शहर हजारएक वर्षं लांबून चालत येणाऱ्या माणसासाठी घडत गेलंय. त्याचे रस्ते, कमानी, दरवाजे, जिने, सगळं त्याच हिशोबाने आहे. महिनाभर चालायला कोणाला वेळ असतो? मलाही नव्हता. पण शेवटचे पाच किलोमीटर कोणालाही चालता येतात. या लेखातला सगळा बेत त्या पाच किलोमीटरांभोवती आखलाय.

कोण हा सांतियागो

येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. मराठी बायबलमध्ये याचं नाव याकोब, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. 'सांत' आणि 'इयागो' जोडून सांतियागो झालं. इंग्रजीत तोच जेम्स. वसईकडच्या वाचकांना आगाशीचं सेंट जेम्स चर्च आठवेल. तो हाच संत.

परंपरा सांगते, की जेरुसलेममध्ये त्याचा शिरच्छेद झाल्यावर शिष्यांनी देह नावेतून गॅलिसियाच्या, म्हणजे या शहराच्या प्रांताच्या, किनाऱ्याला आणून पुरला. नवव्या शतकात पेलायो नावाच्या एका एकांतवासी साधूला रानावर दिवे चमकताना दिसले, तेओदोमिरो या बिशपने ते थडगं याकोबाचंच असल्याचं जाहीर केलं आणि राजा दुसरा आल्फोन्सो ओविएदोहून दर्शनाला आला. देह खरोखर त्याचाच का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण त्या श्रद्धेवर अख्खं शहर उभं राहिलं, हे डोळ्यांसमोर दिसतं.

९९७ साली कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याचा सेनापती अल्मन्सूर याने हे गाव लुटलं आणि चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेल्या. १२३६ मध्ये कोर्दोबा ख्रिस्ती राजाच्या हातात गेल्यावर त्या परत आल्या. पुढे या संताला घोड्यावर बसून मुसलमानांना कापणारा योद्धा बनवण्यात आलं. तशी एक मूर्ती कॅथीड्रलमध्येही आहे, घोड्याच्या पायाखालचे मूर, म्हणजे तेव्हाचे मुसलमान, फुलांनी झाकून ठेवलेले. फुलं बघून पुढे जाऊ नका, ती कशासाठी ठेवलीत याचा क्षणभर विचार करा.

कधी जावं

पावसाची तयारी ठेवूनच जा. वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बाराही महिने झिमझिमत राहतो. नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत ओले. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत सोयीचे वाटतात. छत्रीपेक्षा टोपीवालं जाकीट बरं, कारण अरुंद गल्ल्यांत छत्र्यांची टक्कर होते.

आणखी एक गंमत: गॅलिसिया इतकी पश्चिमेला असूनही घड्याळ माद्रिदचं चालतं. त्यामुळे जूनअखेर रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो आणि डिसेंबरात सकाळी नऊपर्यंत उजाडत नाही. हिवाळ्यात 'लवकर उठून फिरू' असा बेत केलात तर अंधारात फिराल.

२५ जुलै हा संताचा सण. आदल्या रात्री ऑब्रादोइरोत आतषबाजी होते. ती बघायची हौस असेल तर मुक्काम कित्येक महिने आधी ठरवा, नसेल तर तो आठवडा टाळा. २५ जुलै रविवारी आला की ते पवित्र वर्ष. पुढचं २०२७ मध्ये आहे. एरवी भिंतीसारखा बंद असलेला पवित्र दरवाजा तेव्हाच उघडतो. गर्दीही त्याच मापात असेल. २०२४ हे काही पवित्र वर्ष नव्हतं, तरी जवळपास पाच लाख यात्रेकरूंनी नाव नोंदवलं होतं.

व्हिसा आणि प्रवास

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. जास्त दिवस स्पेनमध्ये काढणार असाल तर अर्ज स्पेनकडे करायचा. फी ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी व्हायलाच हवा. खरं तर दोन-अडीच महिने हाताशी ठेवा, भेटीची वेळच लवकर मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

मुंबईहून थेट विमान नाही. सोपा मार्ग म्हणजे माद्रिदला उतरायचं, विमानतळाच्या टर्मिनल ४ वरून लोकल गाडीने चामार्तिन स्टेशन गाठायचं आणि तिथून जलद रेल्वेने सव्वातीन तासांच्या आसपास सांतियागो. ही तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. पोर्तुगाल बघणार असाल तर पोर्तोहून बसने या.

इथली भाषा गॅलिशियन. स्पॅनिशपेक्षा पोर्तुगीजच्या जवळची. रस्त्यासाठी स्पॅनिश 'काये' हा शब्द शोधत बसाल आणि पाटीवर 'रुआ' दिसेल. पणजीच्या फोंताइन्यसमध्ये फिरलेल्यांना हा शब्द ओळखीचा आहे, आणि घरात पोर्तुगीज जाणणारं गोव्यातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर इथल्या पाट्या ते सहज वाचेल.

मुक्काम निदान दोन रात्रींचा हवा. दिवसाचे पाहुणे संध्याकाळी गेले की शहर आपलं रूप दाखवतं. जुन्या शहरात गाड्या नाहीत, फरशी दगडी आहे, तेव्हा चाकांची अवजड बॅग ओढत नेण्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. रुआ दो फ्रांको ही खाण्यापिण्याची गल्ली, झोपायला वाईट. विद्यापीठ १४९५ पासूनचं आहे आणि गुरुवारची रात्र विद्यार्थ्यांची, एवढं लक्षात ठेवून खोली निवडा. सान मार्तिन्यो पिनारियो या अवाढव्य मठाच्या एका भागात पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. कॅथीड्रलच्या अगदी शेजारी, आणि मठाचे लांबलचक दगडी व्हरांडे राहायलाच मिळतात.

पहिली सकाळ: मोंते दो गोसो ते ऑब्रादोइरो

आदल्या दिवशी पोचला असाल तर चौकात जायचा मोह आवरा. जेवा आणि झोपा. सामान खोलीवर ठेवून सकाळी टॅक्सीने मोंते दो गोसोला जा. नावाचा अर्थ आनंदाची टेकडी. चालत येणाऱ्याला कॅथीड्रलचे मनोरे पहिल्यांदा इथून दिसायचे. आता झाडं आणि इमारती मध्ये येतात, म्हणून दोन यात्रेकरूंचा पुतळा शोधा. ते हात उंचावून ज्या दिशेला बघतायत तिकडे मनोरे दिसतात. थोडं अलीकडे, विमानतळाजवळ, लावाकोया आहे. जुने यात्रेकरू तिथल्या ओढ्यात अंघोळ करून मग शहराकडे वळत. बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखितात ते लिहिलंय. त्याचा पाचवा भाग म्हणजे या वाटेचं मार्गदर्शक पुस्तकच आहे. कोणत्या नदीचं पाणी प्यायचं नाही, कोणते नावाडी लुबाडतात, सगळं आहे त्यात. हे हस्तलिखित २०११ मध्ये कॅथीड्रलमधून चोरीला गेलं आणि वर्षभराने एका गॅरेजमध्ये सापडलं.

टेकडीवरून खाली पाच किलोमीटर, सव्वा ते दीड तास. सुरुवात खरं सांगायचं तर कंटाळवाणी आहे: हायवेवरचा पूल, सान लासारोची उपनगरी वस्ती, दुकानं, सिग्नल. कंटाळा आला तरी टॅक्सी करू नका. फरशीतले पितळी शिंपले ही यात्रेच्या वाटेची खूण, त्यांवर लक्ष ठेवून चालत राहा. रुआ दे सान पेद्रो लागली की घरं जुनी होतात, रस्ता अरुंद होतो. पोर्ता दो कामिन्योला जुन्या तटाची वेस होती. आता वेस नाही, पण इथून पुढे आपण आत आलोय हे जाणवतं. मग सेर्वान्तेसचा चौक, तिथून आसिबेचेरियाचा उतार, आणि कॅथीड्रलची बाजू अचानक डावीकडे येते. अजून दर्शनी भाग दिसलेला नसतो. एका कमानीखालून पायऱ्या उतरायच्या असतात. तिथे बहुतेक वेळा कोणीतरी गाइता, म्हणजे गॅलिसियाची बॅगपाइप, वाजवत असतं. तो सूर कमानीत घुमत असताना पायऱ्या उतरायच्या, आणि उजेडात आल्यावर डावीकडे वळायचं.

पुढे काय दिसतं ते वर्णन करत नाही.

चौक वाचायला शिका

ऑब्रादोइरो म्हणजे कारखाना, कामाची जागा. पाथरवट इथे दगड घडवायचे. कॅथीड्रलच्या दक्षिणेचं प्लातेरियास हे चांदीकामवाल्यांचं आणि उत्तरेचं आसिबेचेरिया हे काळ्या जेट दगडाचं काम करणाऱ्यांचं. पुण्यात तांबट आळी असते तसं. आजही त्या भागात चांदीचे आणि जेटचे दागिने विकायला असतात.

चौकाच्या चार बाजूंना चार इमारती: कॅथीड्रल, नगरपालिकेचा राशोय वाडा, विद्यापीठाचं सान शेरोमे आणि यात्रेकरूंसाठी कॅथलिक राजा-राणीने १४९९ मध्ये मंजूर केलेलं जुनं रुग्णालय. हे रुग्णालय आता महागडं हॉटेल आहे. एका चौकात धर्म, सरकार, विद्या आणि दवाखाना.

समोरचा मनोऱ्यांचा नक्षीदार दर्शनी भाग तसा नवा, १७३८ ते १७५० मधला, फेर्नान्दो दे कासास नोवोआ याने रचलेला. त्याच्या आतलं चर्च मात्र जुनं: काम १०७५ मध्ये सुरू झालं, १२११ मध्ये अभिषेक झाला. म्हणजे बाराव्या शतकातल्या देहाला अठराव्या शतकाचा अंगरखा. मूळ अंग बघायचं असेल तर प्लातेरियासच्या बाजूला जा. तिथला दरवाजा जुन्या रोमनेस्क धाटणीचा आहे, वाद्य वाजवणारा राजा दावीद तिथेच भेटतो.

कॅथीड्रल तीन खेपांत

एका फेरीत उरकू नका. प्रवेश फुकट आहे, त्यामुळे पुन्हा पुन्हा जाता येतं. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. कॅथीड्रलपासून जवळच, रुआ दो फ्रांकोवरच्या टपाल कार्यालयात सामान ठेवण्याची सोय आहे.

पहिली खेप पोर्तिको दे ला ग्लोरियाची. याला वेगळं तिकीट आहे, वेळ ठरवून मिळतं, आधीच ऑनलाइन घ्या. मास्टर मातेओने ११६८ ते ११८८ या काळात घडवलेला हा तिहेरी दरवाजा. मध्ये येशू, त्याच्याभोवतीच्या कमानीत बायबलमधले चोवीस वृद्ध आपापली वाद्यं जुळवताना. वरच्या मध्यावर दोघांनी मिळून वाजवायचं एक वाद्य आहे, ऑर्गनिस्ट्रम. एक जण दांडा फिरवतो, दुसरा पट्ट्या दाबतो. दहाएक वर्षांच्या साफसफाईनंतर २०१८ मध्ये तो पुन्हा खुला झाला तेव्हा धुळीखालचे रंग दिसायला लागले. मधल्या संगमरवरी खांबावर पाच बोटं रुतलेली दिसतील. शतकानुशतकं लोकांनी हात टेकवून पडलेले ते खड्डे. आता हात लावायला बंदी आहे, फोटोलाही. वाईट वाटून घेऊ नका, फोन खिशात गेल्यामुळेच इथे नीट बघणं होतं. उजवीकडे गुंफलेल्या प्रेषितांच्या ओळीत जाण्याआधी डावीकडच्या दानिएल या संदेष्ट्याचं हसू शोधा. तो समोरच्या राणीच्या भरदार छातीकडे बघून हसतोय, म्हणून चर्चने ती तासून सपाट केली आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी त्या आकाराचं चीज करायला घेतलं, अशी कथा गाव सांगतं. ते तेतिया चीज बाजारात मिळतं.

दुसरी खेप प्रार्थनेची. यात्रेकरूंसाठीची मिस्सा दुपारी बाराला आणि संध्याकाळी साडेसातलाही असते. निदान पाऊण तास आधी जाऊन बसा. ख्रिस्ती नसाल तरी बसायला हरकत नाही. फक्त सगळे कम्युनियन घ्यायला रांगेत उठतात तेव्हा आपण जागेवरच थांबायचं. प्रसाद आहे असं समजून हात पुढे करणारे आपले लोक मी पाहिलेत. त्यात अनादर नसतो, पण तो संस्कार कॅथलिकांपुरता आहे. मिस्सा चालू असताना फोटो नाहीत. नंतर वेदीच्या मागच्या जिन्याने वर जाऊन संताच्या मूर्तीला पाठीमागून मिठी मारतात आणि खाली तळघरात चांदीच्या पेटीचं दर्शन घेतात. मिठीची रांग मोठी असते, तळघराची लवकर सरकते.

आता बोताफुमेइरो, ज्याच्यासाठी निम्मे लोक येतात. ५३ किलोची, माणसाच्या छातीएवढी उंच धुपाटणी. आठ जण दोर ओढून तिला ताशी ६८ किलोमीटरच्या वेगापर्यंत झोके देतात. आताची १८५१ मधली आहे, आधीची नेपोलियनच्या सैनिकांनी पळवली. पण ती रोज फिरत नाही. ६ जानेवारी, ईस्टर, २५ जुलै, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ८ डिसेंबर, नाताळ, ३० डिसेंबर अशा मोजक्या सणांना ती ठरलेली असते; एरवी कोणा गटाने देणगी देऊन सांगितलं असेल तरच. ती दिसलीच पाहिजे म्हणून तीन तीन दिवस ताटकळू नका. दिसणार असेल तर जागेचं एक गुपित: ती मधल्या लांब दालनात फिरत नाही, आडव्या दोन बाहूंमध्ये फिरते. तिथल्या बाकांवर बसलात तर अगदी डोक्यावरून जाते.

तिसरी खेप छपराची. गाइडबरोबरच जाता येतं. ग्रॅनाइटच्या पायऱ्यांसारखं हे छप्पर चालायला बनवलंय. वर एक क्रॉस आहे, 'चिंध्यांचा क्रॉस' म्हणतात; यात्रेकरू त्याच्याजवळ आपले वाटेतले फाटके कपडे जाळत. गुडघे दुखत असतील तर ही खेप सोडा.

रात्रीचा किंताना

कॅथीड्रलमागच्या किंताना चौकाला एक रुंद जिना दोन भागांत तोडतो. वरचा जिवंतांचा किंताना, खालचा मेलेल्यांचा; खाली पूर्वी दफनभूमी होती. पवित्र दरवाजा इथेच आहे. रात्री साडेदहानंतर या. घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी काठी घेतलेल्या यात्रेकरूची सावली पडते. ती एका दगडी खांबाची सावली आहे हे कळल्यावरही मजा जात नाही. वर मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघा, त्याला एकच काटा आहे. तास कळला की पुरे. जिन्यावर बसा, घंटेचे ठोके ऐका. मला या शहरात ही जागा सर्वांत आवडते.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

जेवणं उशिरा. दुपारी दीड ते साडेतीन, रात्री साडेआठच्या पुढे. मधल्या वेळी स्वयंपाकघरं बंद असतात. साडेसहाला 'जेवायला' गेलात तर चिप्स मिळतील. दुपारी 'मेनू देल दिया' मागा. सूप, मुख्य पदार्थ, गोड, पाव आणि पाणी किंवा वाइन एका ठरावीक दरात येतं, दिवसातलं सर्वांत किफायतशीर जेवण.

समुद्री खाणाऱ्यांना काही सांगायला नको. लाकडी ताटलीत तिखट-गोड लाल पूड आणि ऑलिव्ह तेल घातलेलं ऑक्टोपस इथला मान्यवर पदार्थ. शाकाहारींनी मात्र सावध राहावं. 'काल्दो गायेगो' हे पालेभाजी, बटाटा, पांढऱ्या घेवड्याचं सूप वरून अगदी आपलं दिसतं, पण त्यात डुकराची चरबी असते. 'मांस नको' म्हटलं तरी हॅमचे तुकडे येऊ शकतात, कारण अनेकांच्या लेखी ते मांसात मोडत नाही. म्हणून तीन शब्द पाठ करा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन. बिनधास्त खाण्यासारख्या म्हणजे पाद्रोनच्या मिरच्या, तेलात परतून जाडं मीठ घातलेल्या. बहुतेक गुळचट, एखादीच झणझणीत. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. बदामाच्या 'तार्ता दे सांतियागो'तही असतं. तिच्यावर पिठीसाखरेत संताचा क्रॉस उमटवलेला असतो.

सकाळी बाजारात, म्हणजे मेर्कादो दे आबास्तोसमध्ये चक्कर मारा. गुरुवारी आणि शनिवारी आसपासच्या खेड्यांतल्या बायका बाहेरच्या बाजूला आपली भाजी, अंडी, चीज घेऊन बसतात. रविवारी बंद.

वेळ उरला तर बोनावाल बागेशेजारच्या जुन्या मठातला जिना बघा. एकमेकांत गुंफलेले तीन वळणदार जिने, प्रत्येक वेगळ्या मजल्यावर जाणारा. तिथेच गॅलिशियन कवयित्री रोसालिया दे कास्त्रो हिची समाधी आहे.

आठवडा हाताशी असेल तर

सारियाहून चाला. सुमारे ११५ किलोमीटर. पोर्तोमारिन, पालास दे रेइ, आरसुआ, ओ पेद्रोउसो असे मुक्काम करत पाच दिवसांत आरामात होतं. 'कॉम्पोस्तेला' हे लॅटिनमधलं प्रमाणपत्र हवं असेल तर पायी किमान १०० किलोमीटर किंवा सायकलने २०० लागतात. निघताना 'क्रेदेन्सियाल' ही यात्रेकरूची वही घ्या आणि चर्च, कॅफे, मुक्काम जिथे शिक्का मिळेल तिथे रोज निदान दोन घ्या. प्रमाणपत्र रुआ दास कारेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात मिळतं, फुकट. जड बॅग टपाल खातं पुढच्या मुक्कामी पोचवतं. सरकारी आल्बेर्गे, म्हणजे धर्मशाळा, स्वस्त असतात पण आरक्षण घेत नाहीत. जो आधी पोचला त्याला खाट.

पोर्तोमारिनला पोचल्यावर चर्चच्या भिंतीचे दगड जवळून बघा, काहींवर आकडे दिसतात. १९६० च्या दशकात धरणाखाली गाव जाणार म्हणून चर्च दगड दगड सुटा करून वर आणून बांधलं. पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. उजनीचं पाणी ओसरल्यावर पळसदेवचं देऊळ दिसतं तसे.

आपल्या वारीची आठवण होणार हे उघड आहे. पण फरकही लवकर कळतो: इथे दिंडी नाही, ठरलेली तिथी नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीच्या दिवशी, आपल्या चालीने निघतो. ग्यानबा-तुकारामच्या ठेक्यावर पावलं टाकायची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस सुनं वाटेल. चालत राहिलात की अनोळखी माणूस 'बुएन कामिनो', म्हणजे 'वाट शुभ होवो', म्हणतो, तुम्हीही म्हणता, एवढंच.

एक दिवस उरत असेल तर फिस्तेराला जा, साधारण ९० किलोमीटरवर अटलांटिकच्या टोकाशी. बस जाते. गावातून दीपगृहापर्यंत तीनेक किलोमीटर चढ आहे आणि तिथे ०.००० किलोमीटर कोरलेला दगड आहे. तिथल्या खडकांवर बूट-कपडे जाळायची प्रथा पडली होती, आता बंदी आहे. बूट परत आणा, आणि परतीची शेवटची बस कितीची आहे ते उतरतानाच थांब्यावर बघून घ्या.